हळद, बावची आणि सदाफुली

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात मी गेल्या वर्षी बावची घ्यायला गेलो. दुकानदारांनी पुडी बांधण्याआधी रीतसर चौकशी केली. कोणाला हवी, कशासाठी हवी, वैद्यांनी सांगितली आहे का. “लावून उन्हात बसू नका, कातडी भाजेल,” असे बजावून त्यांनी बरणीतले काळपट बी कागदावर ओतले. मला ते कुठे लावायचे नव्हते. परदेशातून आलेल्या भाचीच्या सामानात चेहऱ्याला लावायच्या द्रवाची एक इवलीशी बाटली होती. तिच्यावर ‘बाकुचिऑल’ असा शब्द होता. त्यातली बाकुची म्हणजे आपली बावचीच की काय, एवढे मला पाहायचे होते. बाटलीची किंमत रुपयांत सांगितल्यावर दुकानदार हसले. मला दिलेली पुडी वीस रुपयांची होती.

नाव खरेच बावचीवरून आलेले आहे. या द्रव्याचा माग काढत मी १९६६ सालच्या एका छोट्या शोधनिबंधापाशी पोचलो. त्या संशोधनाचा पत्ता पुण्याचाच निघाला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पुणेकर जिला नुसते एनसीएल म्हणतात ती, आमच्या पेठेतून सायकलवर तासाभरात गाठता येईल अशी, पाषाण रस्त्यावरची जागा. हे दुकानदारांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “इथं सापडलं, मग तिथं का विकतात?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी ही प्रयोगशाळा ज्या संस्थेची, त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, गोष्ट सांगावी लागते. ती इमारतींवरून सांगता येते, संचालकांच्या तसबिरींवरून सांगता येते. मी ती पेठेतल्या कोणत्याही घराला ओळखीच्या असलेल्या तीन वनस्पतींवरून सांगणार आहे.

नावातला ‘आणि’

परिषदेच्या नावातले ‘वैज्ञानिक’ आणि ‘औद्योगिक’ हे दोन्ही शब्द आपण सहज वाचून जातो. माझे लक्ष हळूहळू त्यांच्यामधल्या ‘आणि’वर खिळले. शोध लागतो तो प्रयोगशाळेत, माल निघतो तो कारखान्यात. या दोहोंमधली वाट कोणी बांधायची, हाच या संस्थेपुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता.

पुण्याला हा प्रश्न नवा नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० साली इथे औद्योगिक परिषद भरवली होती. देश नुसता कच्च्या मालाचा मळा होऊन बसला आहे, माल बाहेर जातो आणि पक्का होऊन चढ्या भावाने परत येतो, हे त्यांचे दुखणे होते. पुढे अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. लोकवर्गणीतून उद्योग आणि उद्योगाचे शिक्षण उभे करण्याचा तो प्रयत्न होता. पण एक पैशाच्या वर्गणीतून कारखाना निघाला तरी रसायनांची मोठी प्रयोगशाळा निघत नाही. तिला सरकार लागते.

ते सरकार हलले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. बाहेरून येणारी औषधे, रंग, रसायने अडली. व्हाइसरॉयच्या मंडळातले व्यापार खात्याचे सदस्य सर ए. रामस्वामी मुदलियार यांनी जोर लावला आणि १ एप्रिल १९४० रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याची सूत्रे लाहोरचे रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे आली. सप्टेंबर १९४२ मध्ये या मंडळामागे एक स्वायत्त नोंदणीकृत संस्था उभी राहिली, तीच आजची परिषद.

भटनागरांची निवड योगायोगाने झाली नव्हती. लाहोरला असताना त्यांच्याकडे अटक ऑइल कंपनीची एक अडचण आली होती. तेलासाठी जमीन खोदताना छिद्रात सोडलेला चिखल खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की घट्ट होई आणि खोदाई थांबे. भटनागरांनी त्यात देशी डिंक मिसळून तो वाहता ठेवला. कंपनीच्या मालकांनी संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ते त्यांनी स्वतः न घेता विद्यापीठाला द्यायला लावले. ‘आणि’ म्हणजे काय, हे त्यांनी परिषद निघण्यापूर्वीच करून दाखवले होते.

परिषदेच्या नियामक मंडळावर सुरुवातीपासून असलेल्यांत आणखी एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबईत १९३५ साली सिप्ला ही औषध कंपनी काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद. ते या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, पण मुलाच्या रूपाने.

पाषाणची प्रयोगशाळा

१९४३ मध्ये परिषदेने पाच राष्ट्रीय प्रयोगशाळांना मंजुरी दिली. त्यांतली रसायनांची पुण्याच्या वाट्याला आली. टाटांनी तिच्यासाठी ८.३ लाख रुपये दिले. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई इलाख्याचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. त्या वेळी पुण्यात महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली विज्ञान परिषदेचे ३७ वे अधिवेशन भरले होते. देश प्रजासत्ताक व्हायला अजून तेवीस दिवस होते. त्याच वर्षी दिल्ली, धनबादजवळचे डिगवाडीह, कलकत्ता आणि जमशेदपूर इथल्या प्रयोगशाळाही उघडल्या, पण पहिला मान पाषाणचा.

सगळेच खूश होते असे नाही. सी. व्ही. रामन आणि मेघनाद साहा यांच्यासारख्यांना विद्यापीठांबाहेर अशा प्रयोगशाळा काढणे पसंत नव्हते. पैसा आणि माणसे विद्यापीठांतून निघून जातील, अशी भीती होती. ती अगदीच निराधार होती असे आज कोणी म्हणणार नाही.

एनसीएलचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन. साबण पाण्यात विरघळतो तेव्हा त्याचे रेणू झुबके करून राहतात, हे सांगणारे. तरुणपणी त्यांनी ही कल्पना लंडनच्या सभेत मांडली तेव्हा अध्यक्षांनी ‘काहीतरीच’ म्हणून ती उडवून लावली होती, अशी आख्यायिका रसायनशास्त्रात अजून सांगतात. दुसरे जॉर्ज फिंच. हे नाव गिर्यारोहकांना जास्त माहीत असेल. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन ते सुमारे ८,३२० मीटरपर्यंत चढले होते. त्या काळी अनेक गिर्यारोहक अशा नळकांड्यांना खेळातली लबाडी समजत. १९५३ च्या मे महिन्यात प्राणवायूच्याच आधाराने एव्हरेस्ट सर झाले, तेव्हा फिंच पुण्यात एनसीएलच्या संचालकपदावर होते.

तिसरे के. वेंकटरामन, १९५७ पासूनचे पहिले भारतीय संचालक. ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून आले. मुंबईच्या गिरण्यांना लागणारे रंग हा त्यांचा विषय. संश्लेषित रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. पण त्यांना निसर्गातल्या रंगांचेही तेवढेच कुतूहल होते. लाखेतला तांबडा रंग, फणसाच्या लाकडातला पिवळा रंग यांवर पाषाणला वर्षानुवर्षे काम झाले. त्याच सुमारास तिथे शशांकचंद्र भट्टाचार्य वाळा आणि कोष्ठ यांच्या सुगंधी तेलांचा अभ्यास करत होते. १९६० मध्ये सुखदेव आले आणि त्यांनी वनस्पतींतल्या टर्पीन वर्गाच्या द्रव्यांची मोठी शाळाच उभी केली. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या बरण्या जणू एकेक करून पाषाणला जात होत्या.

बावची

त्या बरण्यांतली एक बावचीची. संस्कृत ग्रंथांत तिला बाकुची, सोमराजी, अवल्गुज अशी नावे आहेत. श्वित्र म्हणजे अंगावरचे कोड यावरचे हे परंपरेने चालत आलेले औषध. बी वाटून लावायचे आणि कोवळे ऊन द्यायचे. या गुणाचे एक कारण १९३३ सालीच म्हैसूरच्या रसायनशास्त्रज्ञांना सापडले होते. बियांतले सोरॅलेन हे द्रव्य उन्हाशी गाठ पडली की कातडीवर परिणाम करते. दुकानदारांची ‘कातडी भाजेल’ ही सूचना त्यामुळेच बरोबर होती.

पाषाणला सुखदेव, यू. आर. नायक आणि तेव्हा विद्यार्थी असलेले गोवर्धन मेहता यांनी याच बियांतून एक वेगळे द्रव्य काढले. ते सोरॅलेनच्या जातीचे नव्हते. त्याच्या रेणूत एका अंगाला फिनॉलचे कडे आणि दुसऱ्या अंगाला टर्पीनची साखळी अशी अनोखी जुळणी होती. १९६६ मध्ये ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ या नियतकालिकात त्यांनी ते जाहीर केले आणि बाकुचीवरून त्याला बाकुचिऑल नाव दिले. १९७३ मध्ये सविस्तर निबंध आला. मेहता पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. द्रव्य मात्र संदर्भसूचीत जाऊन बसले.

तिथून ते बाहेर आले ते एकविसाव्या शतकात आणि तेही दुसऱ्या दारातून. सुरकुत्यांवर चालणाऱ्या अ-जीवनसत्त्वाच्या जातीच्या रेटिनॉल या द्रव्याने अनेकांची कातडी सोलवटते, म्हणून सौंदर्यप्रसाधनांचे कारखाने त्याला पर्याय शोधत होते. बाकुचिऑल तसे काम करते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पुढे ४४ माणसांवर बारा आठवडे केलेल्या तुलनेत दोघांचा परिणाम जवळजवळ सारखा निघाला आणि कातडी सोलवटण्याचा, चुरचुरण्याचा त्रास रेटिनॉलवाल्यांना जास्त झाला. शुद्ध बाकुचिऑल वेगळे काढण्याच्या रीतींवर आणि त्याच्या उपयोगांवर परदेशांत पेटंटे घेतली गेली. माझ्या भाचीची बाटली त्या वाटेने आली.

इथे एनसीएलला दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. १९६६ साली या द्रव्याचा चेहऱ्याशी काही संबंध असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांनी ते शोधले त्यांना रेणूची घडण उलगडायची होती आणि ती त्यांनी नीट उलगडली. त्यांनी शोध छापला, म्हणून हे द्रव्य आपणच पहिल्यांदा शोधले असा दावा पुढे कोणाला करता आला नाही. छापील कागदाने एवढे निश्चित केले. पण छापणे म्हणजे ‘आणि’ नव्हे. छापल्याने शोध जगाचा होतो, आणि जगात ज्याच्याकडे पुढची वाट बांधायचे बळ असते तो तिच्यावर चालतो.

सदाफुली

आता वाड्याच्या चौकात या. तुळशीवृंदावनाच्या बाजूला, फुटक्या डालड्याच्या डब्यात, नाहीतर भिंतीच्या फटीतही उगवणारी सदाफुली. मूळची मादागास्करची, पण इथे इतकी रुळली की देवाच्या तबकात तिची फुले चालतात. आमच्या वाड्यात साखरेचा आजार असलेले एक आजोबा रोज सकाळी तिची पाने चावून खात. हा समज नुसता आपल्याकडचा नव्हता. जमेकातही सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत आणि १९५२ मध्ये तिथल्या एका डॉक्टरने ती पाने कॅनडात पाठवली. रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. साखर कमी झाली नाही. उंदीर मात्र संसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा जो रोग, त्यावर हे औषध चालेल का, असा प्रश्न त्यातून निघाला. १९५८ मध्ये नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या संशोधनातून व्हिनक्रिस्टिन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर हे दुसरे औषध आजही वापरतात.

अडचण प्रमाणाची होती. शेकडो किलो वाळल्या पाल्यातून ही द्रव्ये ग्रॅमच्या मापात निघतात. भारतातून सदाफुलीचा पाला आणि मुळे परदेशी जात आणि इंजेक्शने तिकडून येत. रानड्यांची १८९० ची तक्रार फुलाच्या रूपाने पुन्हा समोर होती.

ती या वेळी तिथेच थांबली नाही, याची कारणे तीन. पहिले, कायदा. २० एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट न देता ते बनवायच्या रीतीवरच पेटंट द्यायचे ठरवले. दुसरी रीत शोधली की तेच औषध इथे बनवता येई. त्यामुळे नवी रीत शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला एकाएकी किंमत आली. दुसरे, माणूस. वेंकटरामन यांच्या हाताखाली तयार झालेले ए. व्ही. रामाराव तेव्हा पाषाणला होते आणि अशा रीती बसवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते. तिसरे, मागणारा. सिप्लाचा कारभार आता ख्वाजा हमीद यांचे पुत्र युसुफ हमीद पाहत होते आणि ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. आपल्याला काय हवे हे त्यांना ठाऊक होते आणि ते कोणाकडे मागायचे हेही.

१९८४ मध्ये एनसीएलच्या सहकार्याने सिप्लाने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन इथे बनवली. पाला इथला, रीत इथली, इंजेक्शन इथले. रामाराव पुढच्या वर्षी हैदराबादच्या परिषदेच्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्लाने १९९१ मध्ये एड्सवरचे झिडोव्हुडिन काढले. फेब्रुवारी २००१ मध्ये याच कंपनीने एड्सच्या तीन औषधांचा एकत्र उपचार आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा साऱ्या जगातल्या किमतींना धक्का बसला. त्या घटनेचे श्रेय एकट्या पाषाणला देणे बरोबर नाही. पण तिथवर गेलेल्या वाटेचा एक टप्पा पाषाणवरून जातो, हे पुणेकरांनीही क्वचितच ध्यानात घेतले आहे.

परिषदेच्या इतर यशांतही हीच तीन कारणे कमीजास्त प्रमाणात सापडतात. म्हैसूरच्या प्रयोगशाळेने म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांसाठी भुकटी करायची रीत काढली, तेव्हा ती मागायला आणंदची अमूल होती. दिल्लीच्या प्रयोगशाळेतली न पुसणारी शाई १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्या बोटाला लागते, कारण तिला निवडणूक आयोगाची मागणी आणि म्हैसूरचा रंगांचा कारखाना मिळाला. जिथे मागणारा नव्हता तिथे चांगल्या रीतीही अहवालांत पडून राहिल्या. १९८६ मध्ये आबिद हुसेन समितीने परिषदेची तपासणी केली आणि प्रयोगशाळांनी आपल्या खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा बाहेरून कमवावा असे सुचवले. मागणारा शोधणे हेही आता संशोधकांचेच काम ठरले.

हळद

१९८९ मध्ये एनसीएलच्या संचालकपदी रघुनाथ माशेलकर आले. गोव्यातल्या माशेलचा जन्म, मुंबईत गरिबीत झालेले शिक्षण, विषय बहुवारिकांचा. छापण्याआधी पेटंट घ्या, हा त्यांचा आग्रह. तोवर आपल्या शास्त्रज्ञांना शोध छापला की कृतार्थ वाटे. माशेलकरांच्या काळात एनसीएलने अमेरिकेत पेटंटे घेतली आणि पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकच्या रीतीसाठी जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी पाषाणच्या दाराशी आली.

१९९५ मध्ये माशेलकर परिषदेचे महासंचालक होऊन दिल्लीला गेले. त्याच वर्षी २८ मार्च रोजी अमेरिकेत ५,४०१,५०४ क्रमांकाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. विषय, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. अर्जदार संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते.

यावर आपल्याकडे संताप झाला तो साहजिक होता. खेळताना गुडघा फुटला की आईने हळद दाबली नाही असे मूल पेठेत सापडणार नाही. पण संतापाला पेटंट कचेरीत किंमत नसते. तेव्हाचा अमेरिकी कायदा असा होता की एखादी गोष्ट अमेरिकेबाहेर नुसती माहीत असून वा वापरात असून भागत नाही. ती कुठेतरी छापलेली असली पाहिजे. म्हणजे आपल्या कोट्यवधी आयांचा अनुभव पुरावा नव्हता. छापील पान पुरावा होते.

परिषदेने नेमके तेच केले. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी फेरतपासणीचा अर्ज गेला, सोबत बत्तीस छापील संदर्भ. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक निबंध होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कचेरीने सगळे दावे फेटाळले. एका विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर घेतलेले पेटंट अशा पुराव्याने रद्द होण्याची ही पहिली मोठी घटना मानली जाते.

त्यातून पुढे पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह निघाला. २००१ पासून परिषदेने आणि आयुर्वेदाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी विभागाने जुने ग्रंथ वाचून त्यांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडले. २००९ मध्ये युरोपच्या पेटंट कचेरीला तो संग्रह खुला झाला. आता तिथला तपासनीस अर्ज हाती आला की आपल्या ग्रंथांत डोकावू शकतो.

पण हळदीच्या विजयाने आपल्याला नेमके काय मिळाले, हेही शांतपणे पाहिले पाहिजे. दुसऱ्याचे पेटंट रद्द झाले. हळद सगळ्यांची होती, ती सगळ्यांची राहिली. सांगलीच्या बाजारात ती दुसऱ्या दिवशीही त्याच भावाने विकली गेली. कुंपण राखले गेले, पण कुंपणाच्या आत नवे पीक आले नाही. सदाफुलीच्या बाबतीत ते आले होते.

चोपडी

आता दुकानदारांच्या प्रश्नाकडे येतो. इथे सापडले ते तिथे विकले जाते, कारण सापडणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे तो ‘आणि’, आणि तो एकट्या प्रयोगशाळेने बांधायचा नसतो. १९८४ मध्ये कायदा, माणूस आणि मागणारा एकत्र आले म्हणून सदाफुली इंजेक्शन होऊन इथल्या रुग्णालयांत पोचली. बावचीच्या वेळी माणूस होता, बाकीचे दोन नव्हते. आज कायदाही बदलला आहे. १ जानेवारी २००५ पासून औषधावर पुन्हा थेट पेटंट मिळते, त्यामुळे १९८४ ची वाट जशीच्या तशी परत चालता येणार नाही. नवी बांधावी लागेल आणि तिला पैसा जनतेचाच लागेल. पैसा फंडाच्या काळात तो हातात पडे तेव्हा दिसत असे. आता तो करांतून जातो म्हणून दिसत नाही, एवढाच फरक. ज्याचा पैसा, त्याने तो कुठे जातो हे विचारले पाहिजे. ते विचारणे म्हणजे संशोधकांचा अवमान नव्हे.

या गोष्टीतला एक भाग माझ्यासारख्याच्या आवाक्यातला आहे. आमच्या घरात पणजोबांची एक मोडी चोपडी आहे. ते वैद्य नव्हते, शाळामास्तर होते. पण हिशेबाच्या पानांमधून त्यांनी आसपासच्या वैद्यांकडून, सुइणींकडून ऐकलेली औषधे टिपून ठेवली आहेत. ती वाचता यावीत म्हणून मी चाळिशीत मोडी शिकलो. त्यांत बावची दोन ठिकाणी आहे. एकदा कोडावर, आणि एकदा खोबरेल तेलात उकळून ‘काळे वांग जाण्यास’, म्हणजे चेहऱ्यावरच्या डागांसाठी. त्या दुसऱ्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो. तिच्यावरून बाकुचिऑलचा गुण आपल्याला आधीच माहीत होता असे म्हणणे चूक होईल. असली ओढाताण करणारे लेख आपल्याकडे फार निघतात आणि त्यांनी खऱ्या पुराव्याचीही पत जाते. पण त्या बीचा हात चेहऱ्याकडे कोणीतरी नेला होता, एवढे ती ओळ नक्की सांगते. १९६६ साली ती छापलेली असती आणि पाषाणला कोणाच्या वाचनात आली असती, तर निदान एक प्रश्न आधी विचारला गेला असता.

शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आपले ‘आर्यभिषक्’ छापले, म्हणून ते आज औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांच्या यादीत आहे. माझ्या पणजोबांची चोपडी ट्रंकेत होती, म्हणून ती कोणत्याच यादीत नाही. भरत नाट्य मंदिराजवळच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने शंभराहून जास्त वर्षे आपल्याला शिकवले की कागद जपल्याशिवाय इतिहास नाही. तो धडा आपण सनदा, पत्रे, महजर यांना लावला. वैद्यकाच्या बाडांना, सुइणींच्या टिपणांना, रंगाऱ्यांच्या आणि अत्तरवाल्यांच्या वह्यांना फारसा लावला नाही. पेठेतले वाडे आता एकामागून एक पडत आहेत. माळ्यावरच्या ट्रंका आधी खाली येतात आणि त्यांतले कागद किलोच्या भावाने रद्दीत जातात. कोणाच्या घरी असे बाड असेल तर ते टाकण्याआधी निदान एकदा कोणा मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

पणजोबांच्या चोपडीतल्या एकशे बारा नोंदींचे देवनागरी लिप्यंतर मी या उन्हाळ्यात पुरे केले. ते छापायचे आहे. पहिली प्रत एनसीएलच्या ग्रंथालयाला आणि दुसरी काष्ठौषधींच्या त्या दुकानात द्यायची, असे ठरवले आहे. दुकानदारांना हे सांगितले, तर त्यांनी आधी विचारले, “किंमत किती ठेवणार?” मग बरणीचे झाकण लावता लावता म्हणाले, “दोन प्रती ठेवा इथं. एक मी वाचीन, एक मागायला कोणीतरी येईलच.”